ॲक्सलचा रेशो बदलल्यावर चुकणारा स्पीडोमीटर: काट्याआधी ओडोमीटर तपासा

मागच्या ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेरीमागे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टच्या किती फेऱ्या होतात तो आकडा) बदलला की जुन्या गाडीचा स्पीडोमीटर चुकतो, हे अशा गाड्या हाताळणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं. खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते. कोणी काटा उपसून थोडा पुढे-मागे बसवतो, कोणी मीटर उघडून आतली केसासारखी बारीक स्प्रिंग फिरवतो. साठच्या वेगाला आकडा जुळतो आणि काम झालं असं वाटतं. मग गाडी ऐंशीला जाते आणि फरक पुन्हा दिसतो. मीटर परत बाहेर येतो, काटा परत हलवला जातो. पुढे टायर बदलले की तेच तिसऱ्यांदा.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: काट्याला हात लावण्याआधी ओडोमीटर, म्हणजे एकूण किलोमीटर मोजणारे आकडे, तपासा. चूक गिअरच्या बाजूला आहे की मीटरच्या पोटात, हे ओडोमीटर सांगतो. ते कळल्याशिवाय केलेली दुरुस्ती टिकत नाही, कारण ती चुकीच्या जागी केलेली असते.

एका डब्यात दोन यंत्रं

केबलवर चालणाऱ्या मीटरबद्दल बोलतोय. गिअरबॉक्सच्या बाहेर निघणाऱ्या शाफ्टवर एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखा गिअर, असतो. त्याला एक छोटा पिनियन (दातेरी चाक), बहुतेक वेळा नायलॉनचा, लागून फिरतो आणि त्या पिनियनमध्ये केबलचं टोक बसतं. म्हणजे केबल मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या फेऱ्या मोजते, चाकाच्या नाही. शाफ्ट आणि चाक यांच्यामध्ये क्राउन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधली गिअरची जोडी, आहे. तोच तुम्ही बदलला, त्यामुळे चाकाच्या एका फेरीमागे केबलच्या फेऱ्या बदलल्या. मूळ कारण इतकंच.

मीटरच्या आत केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते आणि ती चुंबकाला कुठेही टेकलेली नसते. चुंबक फिरला की वाटीत विद्युतप्रवाहाचे भोवरे तयार होतात आणि ते वाटीला सोबत ओढतात. स्प्रिंग तिला मागे खेचते. दोघांचं जिथे जमतं तिथे काटा थांबतो. ओटो शुल्झ या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि पुढची कितीतरी दशकं जगभरच्या गाड्या याच तत्त्वावर वेग दाखवत राहिल्या.

ओडोमीटर चुंबक फिरवणाऱ्या त्याच दांड्यावरून चालतो, पण त्याचा मार्ग वेगळा आहे. तिथे चुंबक नाही, स्प्रिंग नाही, फक्त दात आहेत. केबलच्या ठरावीक फेऱ्या झाल्या की एक किलोमीटर पुढे सरकतो. वय झालं, गरम झालं, धूळ बसली, तरी दातांची संख्या बदलत नाही. म्हणून ओडोमीटर एक तर चालतो किंवा बंद पडतो. तो ‘थोडा’ चुकायला लागला, तर केबलच्या फेऱ्याच चुकीच्या येत आहेत असं समजा.

तपासणी कशी करायची

मोकळा, सरळ, सपाट रस्ता हवा. फोनवरचा जीपीएस वेग यासाठी पुरेसा आहे, फक्त वेग काही सेकंद स्थिर ठेवा. जीपीएस थोडा मागून येतो, त्यामुळे वेग वाढवताना किंवा कमी करताना घेतलेले आकडे निरुपयोगी असतात. आकडे शेजारी बसलेल्या माणसाने लिहावेत. जीपीएस नसेल तर किलोमीटरचे दगड आणि स्टॉपवॉच चालेल: ३६०० भागिले एका किलोमीटरला लागलेले सेकंद, म्हणजे खरा वेग.

खऱ्या ४०, ६० आणि ८० ला काटा काय दाखवतो ते लिहा. मग किमान १० किलोमीटर जाऊन ओडोमीटर किती पुढे सरकला ते लिहा. इथे आळस करू नका, एकाच वेगाचं माप घेऊन काहीही कळत नाही.

समजा ४० ला ३४, ६० ला ५१, ८० ला ६८ दिसले आणि १० किलोमीटरला ओडोमीटर ८.५ सरकला. सगळीकडे तोच ८५ टक्के. मीटर ठणठणीत आहे, त्याला फेऱ्याच कमी मिळतायत. हा शुद्ध रेशोचा दोष. अशा वेळी मीटर उघडायचं काहीच कारण नाही.

४० ला ४६, ६० ला ६६, ८० ला ८६ दिसले आणि ओडोमीटर बरोबर असला, तर प्रत्येक ठिकाणी सारखेच ६ जास्त आहेत. हा काटा चुकीच्या जागी बसल्याचा दोष आहे आणि याच एका परिस्थितीत काटा हलवणं योग्य ठरतं. आता काटा हलवून रेशोची चूक का सुधारत नाही तेही दिसेल. काटा हलवला की प्रत्येक वेगात ठरावीक आकडा मिळवला किंवा वजा केला जातो. रेशोची चूक गुणाकाराची असते. दोन रेषा एकाच ठिकाणी छेदतात, म्हणून साठला जुळलेला मीटर ऐंशीला सोडून जातो.

तिसरी शक्यता: ओडोमीटर बरोबर, पण काट्याची चूक वेगाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा चुंबक क्षीण झालाय किंवा स्प्रिंग बिघडलीय. आणि चौथी, जी सर्वांत जास्त फसवते: दोन्ही चुकलेले, पण वेगवेगळ्या टक्क्यांनी. अशा मीटरला आधी कोणीतरी हात लावलेला असतो. तिथे आधी केबलच्या फेऱ्या ओडोमीटरशी जुळवायच्या, मगच काट्याकडे वळायचं.

आज बरोबर, उद्या चूक, असं होत असेल तर रेशोचा संशय काढून टाका. दात दोन-चार टक्के घसरत नाहीत. सकाळी एक आणि तापल्यावर दुसरं दाखवणारा मीटर बहुधा आत घट्ट झालेल्या ग्रीसमुळे किंवा केबलमधून वर चढलेल्या गिअरऑइलमुळे तसं वागतो. ऑइल वाटीपर्यंत पोहोचलं की ते चुंबक आणि वाटी यांना चिकटवून ओढतं आणि काटा जास्त वेग दाखवतो. तिथे आधी गिअरबॉक्सकडचं पिनियनच्या घराचं (तो ज्या कवचात बसतो त्याचं) सील बदलायचं, नंतर मीटर साफ करायचा. उलट क्रमाने केलं तर ऑइल परत येणारच.

कोणत्या बाजूला चुकेल, आणि कोणती बाजू धोक्याची

रेशोचा आकडा वाढला, उदाहरणार्थ ३.५५ वरून ४.१०, तर शाफ्ट जास्त फिरतो आणि मीटर जास्त दाखवतो. ४.१० ÷ ३.५५ = १.१५५, म्हणजे खऱ्या ६० ला काटा ६९ वर. त्रासदायक आहे, पण धोका नाही.

आकडा कमी केला, तर उलट होतं. जुन्या छोट्या गाड्यांना लांबच्या प्रवासात इंजिन शांत चालावं म्हणून ४.५५ काढून ३.९ बसवणारे पुष्कळ आहेत, आणि तो बदल गाडीला खरोखर मानवतो. पण मग मीटर सुमारे १५ टक्के कमी दाखवतो. काटा ६८ वर आणि गाडी ८० ला. त्यात इंजिनचा आवाजही उतरलेला, त्यामुळे कानालाही अंदाज येत नाही. ब्रेक मात्र जुनेच. संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवला तर खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ४ किलोमीटर, इथपर्यंत चालेल. तो नियम नव्या गाड्यांच्या मंजुरीसाठी आहे, पण त्यामागचा विचार आपल्या गाडीलाही लागू करावा. दोन-तीन टक्के राहणारच असतील तर ते जास्तीच्या बाजूला राहू द्या.

कमी रेशोचा आणखी एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. ओडोमीटर १५ टक्के कमी मोजतो, म्हणून पेट्रोलचा हिशेबही बिघडतो. इंजिन कमी फिरतंय आणि तरी ॲव्हरेज पडलं असं दिसतं, मग कार्ब्युरेटर खोलला जातो. त्याआधी किलोमीटर दुरुस्त करून हिशेब पुन्हा मांडा.

सगळ्याच गाड्यांना मात्र हे लागू नाही. फोक्सवॅगन बीटलची केबल पुढच्या चाकाच्या मधून निघते, तिथे मागचा रेशो काहीही करा, मीटरला पत्ता नसतो. अशा गाडीचा मीटर चुकत असेल तर टायर किंवा मीटर, दोघांपैकी एक.

आकडे कागदावरून घेऊ नका, मोजा

वारंवार येणाऱ्या दोषाचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण हेच: हिशेब बरोबर, पण आत टाकलेले आकडे गृहीत धरलेले. डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलमधला, दोन्ही चाकांना फेऱ्या वाटून देणारा गिअरचा संच) ३.९ चा आहे असं विकणाऱ्याने सांगितलं म्हणून तो ३.९ चा होत नाही. आणि ३.९ हाही गोळाबेरीज आकडा आहे. ३५ आणि ९ दातांचा जोड ३.८८९ असतो, ४३ आणि ११ चा ३.९०९, दोन्हींना ३.९ च म्हणतात.

न खोलता रेशो काढायचा असेल तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक सोडा, मागचं एकच चाक उचला आणि स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. शाफ्टवर खडूची खूण करा. एक चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्या म्हणजे हिशेबाला एकच फेरी धरायची, कारण डिफरन्शियल अर्धी फेरी वाटून घेतो. चाक २० वेळा फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. ३९ च्या जरा आत आल्या तर ३.८९. लॉक होणारा डिफरन्शियल असेल तर ही पद्धत चालत नाही, दोन्ही चाकं उचलून एकत्र फिरवावी लागतात.

पण यापेक्षाही सरळ मार्ग आहे आणि त्यात रेशो, टायर, पिनियन सगळं एकदमच मोजलं जातं. केबल मीटरच्या मागून सोडवा. आतल्या तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा छोटा बाण अडकवा. टायरमध्ये रोजची हवा भरा, चालकाच्या जागी माणूस बसवा, कारण वजनाने टायर दबतो आणि एका फेरीत कापलेलं अंतर कमी होतं. मागच्या टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा. आता गाडी न्यूट्रलमध्ये सरळ रेषेत ढकला, चाकाच्या ३० फेऱ्या होईपर्यंत. एकाने चाक मोजावं, एकाने बाण. शेवटी जमिनीवरचं अंतर टेपने घ्या.

समजा अंतर ५४.६ मीटर आणि केबल ४५ वेळा फिरली. ४५ ÷ ५४.६ × १००० = ८२४. म्हणजे एका किलोमीटरला केबल ८२४ वेळा फिरते. फेऱ्या कमी घेऊ नका. १० फेऱ्यांच्या मापात बाण पाव फेरी चुकला तर दीड टक्क्याहून जास्त फरक पडतो, ३० मध्ये तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो.

आता मीटरला किती हव्यात ते शोधा. बऱ्याच मीटरच्या तबकडीवर हा आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो. ब्रिटिश स्मिथ्सच्या मीटरवर तो भागाच्या क्रमांकाजवळ दिसतो, जर्मन व्हीडीओच्या मीटरवर डब्ल्यू अक्षरापुढे. जुन्या अमेरिकन गाड्यांत सहसा मैलाला १००० असतो. इथे मैल आणि किलोमीटर यांची गफलत होऊ देऊ नका: मैलाला १००० म्हणजे किलोमीटरला ६२१. मैलाची तबकडी असेल तर आकडाही मैलाचाच धरा.

आपल्या उदाहरणात तबकडीवर किलोमीटरला ९६० लिहिलंय. ९६० ÷ ८२४ = १.१६५. केबल इतक्या पटीने जास्त फिरायला हवी. पुढची सगळी दुरुस्ती या एका आकड्यावर उभी आहे, म्हणून तो दोनदा मोजून काढा.

दुरुस्ती: माझा क्रम

पहिला पर्याय नेहमी केबलचा पिनियन. दात कमी केले की केबल जास्त फिरते, वाढवले की कमी. जुना पिनियन १३ दातांचा असेल तर १३ ÷ १.१६५ = ११.२, म्हणजे ११ चा शोधा. त्याने केबल किलोमीटरला ९७४ फिरेल, मीटर सुमारे दीड टक्का जास्त दाखवेल. १२ दातांचा सहज मिळतो म्हणून घेतलात तर सात टक्के कमीच राहील, नको. अमेरिकन गाडीत २० दातांचा पिनियन आणि रेशो ३.५५ वरून ४.१० झाला असेल तर २० × ४.१० ÷ ३.५५ = २३.१, २३ दात पुरतात, चूक अर्ध्या टक्क्याच्याही आत.

पिनियन घेताना फक्त दात मोजून भागत नाही. दातांचा तिरकेपणा वर्मशी जुळला पाहिजे. काही गिअरबॉक्सना वर्म आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागतात. दुसरं म्हणजे पिनियनचं घर. दात बदलले की पिनियनचा व्यास बदलतो, म्हणून बऱ्याच अमेरिकन गिअरबॉक्समध्ये त्याचं छिद्र मध्यापासून बाजूला सरकवलेलं असतं. एक घर दातांच्या ठरावीक टप्प्यासाठीच चालतं. क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये हे टप्पे घरावरच कोरलेले असतात आणि तुमच्या दातांचा टप्पा खालच्या बाजूला येईल अशा रीतीने ते फिरवून बसवावं लागतं. हे चुकलं की पिनियन एकतर वर्मला धड टेकत नाही किंवा त्यावर दाबला जातो, आणि थोड्याच दिवसांत नायलॉनचे दात उडतात. मग नवा पिनियन आणि पुन्हा तेच.

पिनियनचे दात वारंवार उडत असतील तर दुसरा संशयित केबल. मीटरकडून सोडवून बोटांनी फिरवून बघा. जड लागली किंवा मध्येच अडली, तर ती कुठेतरी दुमडलेली आहे. वळण दीडशे मिलिमीटर त्रिज्येपेक्षा आवळ असू नये. ग्रीस तारेला पातळच लावा आणि मीटरकडची शेवटची काही बोटं कोरडी ठेवा, नाहीतर ते वर चढतं. मीटरचा दांडाही हाताने फिरवून बघा; तो जाम असेल तर तुम्ही कितीही पिनियन घाला, सगळे तुटतील.

योग्य दातांचा पिनियन मिळतच नसेल तर मधला गिअरबॉक्स, म्हणजे केबलच्या टोकाशी बसणारी छोटी रेशोची पेटी. ती १.१६५ किंवा त्याच्या जवळच्या रेशोची मागवा. तिच्यामुळे दिशा उलटत नाही ना, हे घेण्याआधी विचारा. आत गिअरची एकच जोडी असेल तर उलटते आणि काटा शून्याच्या खाली ओढला जातो. पेटीमुळे केबलचं टोक काही सेंटिमीटर पुढे येतं. तिथे नवं आवळ वळण तयार झालं की काटा थरथरायला लागतो, मग थोडी लांब केबल घ्यावी. मला ही पेटी आवडते, कारण ती उलट करता येते: उद्या जुना डिफरन्शियल परत बसवला तर पेटी काढा, झालं.

मीटर स्वतः बदलून घेणं मी सर्वांत शेवटी ठेवतो. तज्ज्ञ माणूस चुंबकाची ताकद कमी-जास्त करून किंवा स्प्रिंग बदलून काटा नव्या फेऱ्यांना जुळवतो. पण ओडोमीटरचे दातही सोबत बदलून घ्यायला हवेत, आणि नेमकं तेच बरेचदा राहतं. वेग बरोबर, किलोमीटर चूक, असा मीटर घेऊन लोक परत येतात. काम देतानाच दोन्हींबद्दल स्पष्ट बोला आणि वर काढलेला फेऱ्यांचा आकडा लिहून द्या. काम झाल्यावर तबकडीच्या मागे नवा आकडा लिहून घ्या, कारण पुढे छापलेला जुना आकडा आता खोटा ठरलाय आणि पुढचा माणूस त्याच्यावर विश्वास ठेवेल. ओडोमीटरचं उघडण्याआधीचं वाचन, तारीख आणि कारण गाडीच्या कागदांसोबत ठेवा. ते वाचन बदलणं अनेक देशांत गुन्हा आहे.

टायर पुढे कधी बदलणार असाल तर हा सगळा खटाटोप त्यानंतर करा. टायरची फेरी १.८२ मीटरवरून १.७५ वर आली तर मीटर लगेच चार टक्के वर जातो. रेशो आणि टायर दोन्ही एकदम बदलले असतील तर दोन्हींचे गुणक एकमेकांशी गुणायचे: नवा रेशो भागिले जुना, गुणिले टायरची जुनी फेरी भागिले नवी. कधीकधी दोघं एकमेकांना जवळजवळ खोडतात आणि काहीच करावं लागत नाही.

दुरुस्तीनंतर तीच तपासणी पुन्हा करा: ४०, ६०, ८० आणि १० किलोमीटर. काटा आणि ओडोमीटर दोन्हींची चूक टक्क्यांत सारखी आणि तीनच्या आत, तीही जास्तीच्या बाजूला, असेल तर मीटर लावून टाका. फरक उरलाच आणि तो सगळ्या वेगांना सारख्याच आकड्याचा असला, तर आता काटा हलवायला हरकत नाही.